फळी, तार आणि चुंबक

आजचा विषय गिटार. पण ती वाजवायची कशी हा नव्हे, तर ती घरी बनली कशी, हा. मी स्वतः बरी वाजवत नाही. सोमवार ते शुक्रवार कोड लिहायचा आणि शनिवारी असलं काहीतरी उकरत बसायचं, हा आपला छंद. या वेळी उकरताना जे हाती लागलं ते थेट आमच्या पोंभुर्ण्यापर्यंत आलं, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. साधी गिटार म्हणजे पोकळ खोका. तार थरथरते, तिच्यामुळे वरची पातळ फळी थरथरते, आतली हवा हलते आणि आवाज मोठा होतो. सतारीचा भोपळा हेच काम करतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये असलं काही नसतं. ती बहुतेक वेळा एक भरीव फळीच असते. तारांच्या खाली चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व, आपण दहावीला पाठ केलेलं. ती वीज अँप्लिफायरला द्यायची, की झालं. या चुंबक-वेढ्यांच्या जोडीला पिकअप म्हणतात.

याचा अर्थ काय? चांगली व्हायोलिन किंवा सतार बनवायला पिढ्यांची विद्या लागते. कुठलं लाकूड किती तासायचं हे बोटांना कळावं लागतं. इलेक्ट्रिक गिटारला मात्र सुतारकाम बेताचं आलं तरी चालतं, वीज कळली पाहिजे. म्हणूनच हिचा इतिहास वाद्य बनवणाऱ्या थोर घराण्यांमधून आलेला नाही. तो रेडिओ दुरुस्तीवाले, मोटरसायकलवाले आणि घरच्या कामाच्या टेबलावर खुडबुड करणारे यांच्याकडून आलेला आहे.

नावानिशी सांगतो. १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा एक वादक होता. त्याची तक्रार साधी होती : बँडमध्ये ड्रम आणि पितळी वाद्यं सुरू झाली की गिटार ऐकूच येत नाही. त्यानं एका लाकडी पट्टीवर एकच तार ताणून प्रयोग सुरू केले. पिकअपच्या वेढ्यांसाठी त्यानं वापरली घरच्या कपडे धुण्याच्या मशीनची मोटर. चुंबक घोड्याच्या नालेच्या आकाराचे. हॅरी वॉटसन नावाच्या कारागिरानं कानस-रंधा घेऊन काही तासांत लाकडी नमुना कोरून दिला. गोल पोट आणि लांब मान, त्यामुळे टोपणनाव पडलं 'फ्राइंग पॅन', म्हणजे आपला तवा :-) पुढे अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्यासोबत हीच ॲल्युमिनियममध्ये ओतून १९३२ पासून विकायला आली. पेटंट मिळायला मात्र १९३७ साल उजाडलं, कारण हे वाद्य खरंच चालतं का याचीच पेटंट ऑफिसला शंका होती. शेवटी तिथे वादक पाठवून वाजवून दाखवावं लागलं!

मग लेस पॉल. १९४० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात तो रविवारी जायचा, कारण त्या दिवशी तिथे कोणी नसायचं. चार इंच बाय चार इंच पाइन लाकडाचा एक ओंडका घेतला, त्याला तयार गिटारची मान लावली, घरी बनवलेले पिकअप बसवले. ओंडका बघून लोक बिचकायचे. म्हणून त्यानं एक जुनी गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंना चिकटवले. आवाजात त्यानं काही फरक पडत नव्हता, फक्त प्रेक्षकांच्या डोळ्यांची सोय! गिब्सन कंपनीनं त्याच्या नावाची भरीव गिटार बाजारात आणली ती थेट १९५२ साली.

पॉल बिग्स्बी हा मूळचा मोटरसायकलवाला. यंत्रांच्या भागांचे लाकडी साचे बनवायचा. त्यानं १९४८ साली कॅलिफोर्नियात डाउनी इथल्या आपल्या वर्कशॉपमध्ये मर्ल ट्रॅव्हिस या गायकासाठी एक भरीव गिटार हातानं बनवली. आणि लिओ फेंडर, ज्याचं नाव आज प्रत्येक कॉलेजच्या बँडवाल्याला माहीत असतं, त्याचं फुलर्टन गावात १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिटार वाजवायला तो आयुष्यात शिकला नाही. म्हणूनच बहुधा त्यानं गिटारकडे रेडिओसारखं बघितलं : मान स्क्रूनं जोडलेली, बिघडली तर काढा आणि दुसरी लावा. १९५० ची ब्रॉडकास्टर (१९५१ पासून टेलिकास्टर) आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर या त्या विचारातून आल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला मॉड्युलर डिझाइन म्हणून मिरवतो ना, तेच.

पण 'घरी बनवलेली गिटार' म्हटलं की सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचं, आणि त्याला आपल्या महाराष्ट्राचा एक लांबचा धागाही आहे. ऑगस्ट १९६३. ब्रायन मे नावाचा सोळा वर्षांचा मुलगा. फेंडर किंवा गिब्सन घ्यायची ऐपत नाही. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले इंजिनियर. दोघांनी मिळून घरी गिटार बनवायला घेतली, आणि दोनेक वर्षं ते काम चाललं. मान बनवली एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनी चौकटीतून. त्या लाकडाला कीड लागून भोकं पडली होती, ती आगपेटीच्या काड्या ठोकून बुजवली. पोटासाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. तारा सैल-घट्ट करून सूर हलवणाऱ्या दांडीसाठी जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. या गिटारचं नाव 'रेड स्पेशल'.

धागा असा, की पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, १९५८ साली तिथेच पोरांचा 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढणारा फारुख बल्सारा १९६३ सालीच भारत सोडून झांझिबारला परतला आणि पुढे इंग्लंडला गेला. तिथे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७० साली 'क्वीन' हा बँड उभा राहिला तेव्हा त्याच्या शेजारी उभा होता ब्रायन मे, हातात ती फायरप्लेसवाली गिटार घेऊन. जून २००२ मध्ये मे यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून वाजवली तीही हीच. मधल्या काळात राहून गेलेली खगोलशास्त्रातली पीएचडी त्यांनी २००७ साली पूर्ण केली, ते वेगळंच. असो.

आता आपल्याकडे या. हे सगळं वाचून सहज वाटतं की हा अमेरिका-इंग्लंडचा मामला, आपल्याकडे कोण कशाला घरी बसून असलं काही बनवणार? माझंही तेच म्हणणं होतं. महाराष्ट्रात वाद्यं बनवणं म्हटलं की डोळ्यांपुढे येते मिरज. आणि ते योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांसारख्या कारागिरांपासून सुरू झालेली ही परंपरा. मंगळवेढ्याकडचे भोपळे, कर्नाटकातून येणारं लाकूड, आणि घराघरांतून चालणारं हातकाम. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मिरज ही वर सांगितलेल्या पहिल्या जातीची विद्या. भोपळा, पोकळी, जवारी, कान. फळी, तार आणि चुंबकवाली जी दुसरी जात, ती आपल्याकडे कुठे आहे?

उत्तर रस्त्यावर आहे राव. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत. आपला बेंजो!

हसू नका. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. हे वाद्य मुळात जपानी. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ साली 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य काढलं. लांबट पेटी, वरून तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबलं की त्या जागी तार दाबली जाते, उजव्या हातानं नखी मारायची. म्हणजे गिटारचे पडदे बोटांऐवजी बटणांनी दाबायचे, एवढाच फरक. शिकायला सोपं, किमतीला स्वस्त. ते समुद्रमार्गे भारतात आलं आणि 'बुलबुल तरंग' झालं. कराचीकडच्या बलुच लोकांनी ते मोठं करून आपलं 'बेंजू' केलं, इकडे महाराष्ट्रात ते 'बेंजो' झालं.

आणि मग त्याच्या पुढ्यात तीच अडचण आली जी बीचमपुढे १९३१ साली होती. शेजारी ढोल, ताशा, ड्रम. बेंजोचा आवाज त्यात कुठच्या कुठे. उपायही तोच निघाला. तारांखाली पिकअप बसला, पेटीला बाहेर आवाजाचं बटण आणि जॅक आला, वायर हातगाडीवरच्या अँप्लिफायरला गेली आणि वरून भोंगा. पोकळ पेटीची आता फार गरजच उरली नाही, कारण आवाज विजेतून येत होता. हा काही वाद्यांच्या बड्या कंपन्यांचा उद्योग नव्हता. लहान वर्कशॉपमध्ये, लाकूड, पत्रा, बटणं आणि तांब्याची तार घेऊन बसलेल्या माणसांनी हे केलं. तत्त्व तेच, गरज तीच, पद्धतही तीच. फेंडरच्या दुकानातला माणूस आणि गल्लीतला बेंजो बनवणारा एकमेकांसमोर बसवले असते तर भाषा कळली नसती, पण टेबलावरची हत्यारं दोघांनाही ओळखू आली असती.

मग आपण याला इतिहास का म्हणत नाही? माझ्या मते कारण तांत्रिक नाहीच. सतार बैठकीत वाजते, बेंजो वरातीत. बैठकीतल्या वाद्याची घराणी लिहिली जातात, वरातीतल्या वाद्याचा फक्त रेट विचारला जातो. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुख त्यात बेंजोवादक होता. सिनेमात दिसला म्हणून चार दिवस चर्चा झाली. पण सिनेमा वाजवणाऱ्याचा होता. बनवणारा तिथेही मागेच.

आता पोंभुर्णा. आमचं गाव म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, भोवती धानाची शेती आणि जंगल. इथे रॉक बँड नाही, पण मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा मुद्दाम एक यादी करून बघितली : घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायची तर काय काय लागतं, आणि त्यातलं काय आपल्या भागात मिळतं?

पहिलं, लाकूड. याबाबतीत आम्ही श्रीमंत. बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, तेच हे सागवान. जंगलातून आपल्या मर्जीनं काही आणता येत नाही आणि आणूही नये. पण आमच्याकडे जुनी मातीची घरं पाडून स्लॅबची बांधणं सुरू आहे, आणि त्यातून निघणाऱ्या सागाच्या चौकटी, पाट्या, खांब कित्येकदा मातीमोल भावात जातात. ब्रायन मेची फायरप्लेसची चौकट आठवा. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड पैसे देऊन मिळत नाही. आमच्या सुतारकाकांना विचारलं तर म्हणाले, "सागाले तेल रायते बाबू. सरस लवकर धरत नाही. पयले थिनरनं पुसून घे, मंगच लाव." हे परदेशातल्या गिटारवाल्यांनाही सांगावं लागतं. साग जड, शिवाय त्यात सिलिका असल्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते. हलकं हवं तर आमच्याकडे शिवण आहे.

दुसरं, पडदे. इथे मात्र इंजिनियरला जागा आहे. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येतात, कानानं ठरतात. गिटारचे पडदे ठोकून बसवतात, म्हणजे जागा आधी मोजाव्या लागतात. प्रसिद्ध शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील व्हिन्सेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली एक सोपा नियम दिला होता : उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा आणि पडदा ठोका. फेंडरच्या गिटारीत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. अठरानं भागलं तर पहिला पडदा बरोबर ३६ मिलिमीटरवर. पण असं करत गेलो तर बारावा पडदा, जो नेमका मध्यावर ३२४ ला हवा, तो सुमारे २.४ मिलिमीटर आधीच येतो. आज १८ ऐवजी १७.८१७ नं भागतात. चार ओळींचा लूप लिहा, बावीस आकडे मिळतात.

तिसरं, आणि खरी गंमत इथे, पिकअप. आमच्या भागात शेतातली मोटर जळणं ही नेहमीची गोष्ट. त्यामुळे मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत. त्या दुकानात बघा : हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन, त्याला वेढे मोजणारा काउंटर, तांब्याच्या इनॅमल तारेची रिळं, आणि वेढे पक्के करायला वार्निश. पिकअप बनवायला नेमकं हेच लागतं! फरक फक्त तारेच्या जाडीचा. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपला ०.०६३ मिलिमीटरची तार लागते, आपल्याकडच्या गेजमध्ये साधारण ४६ नंबर, डोक्यावरच्या केसाएवढी. साधारण आठ हजार वेढे, म्हणजे एक किलोमीटरहून जास्त तार एका काड्यापेटीएवढ्या जागेत. दुकानदारांना सांगितलं तर ते हसले. "येवढ्या बारीक तारेची कोणती मोटर हाय भाऊ?" मी समजावलं. मग त्यांनीच विचारलं, "ताण किती ठेवाचा? हात जोरात गेला त तुटन ना ते." अगदी बरोबर प्रश्न. पिकअप हातानं गुंडाळणाऱ्यांचं सगळं कौशल्य त्या ताणातच असतं. वार्निशच्या जागी मेण वापरायचं, म्हणजे वेढे हलत नाहीत आणि मोठ्या आवाजात शिट्टी वाजत नाही.

एक शेवटची अडचण, गुणगुण. अँटेनासारखा पिकअप घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोडगा काढला : दोन पिकअप शेजारी ठेवा, एकाचे वेढे आणि चुंबक उलटे. दोन्हींतली गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते, तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. रिवाइंडिंगवाल्याला हे एका वाक्यात समजलं. मला कॉलेजमध्ये याला एक आख्खा तास लागला होता.

म्हणजे यादी पूर्ण. सुतार आहे, वाइंडर आहे, लाकूड आहे. मग प्रश्न 'आपल्याकडे जमेल का' हा उरतच नाही. बेंजोनं ते जमतं हे कधीच सिद्ध केलंय. प्रश्न वेगळा आहे, आणि तोच मला सतावतोय.

वरातीत आता डीजे आहे. बेंजो पार्टी बोलवायची तर आठ-दहा माणसं, त्यांचं जेवण, त्यांचा मान. डीजेला एक टेम्पो आणि एक पेन ड्राइव्ह पुरतो. बेंजो वाजणं कमी झालं की बनवणंही कमी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पंखे आणि टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी नवीन घेणं सोपं झालं की वाइंडरच्या दुकानात मुलगा बसणार नाही. आणि ज्या दिवशी हे दोघं उठतील त्या दिवशी आपल्याकडची ती दुसरी विद्या, फळी, तार आणि चुंबकवाली, कुणी न लिहिता संपेल. मिरजेचं निदान मानांकन झालं, नावं नोंदली गेली. बीचमचं पेटंट आहे, लेस पॉलचा ओंडका नॅशव्हिलच्या संग्रहालयात पोचला. ब्रायन मेच्या आईची बटणंसुद्धा इतिहासात गेली! आमच्या गल्लीतल्या माणसाचं काय?

त्यासाठी पुरातत्त्व खातं नको, विद्यापीठ नको. तुमच्या गावात बेंजो बनवणारा किंवा दुरुस्त करणारा कुणी म्हातारा असेल तर एका रविवारी वही घेऊन जा. विचारा : काका, तार कुठली वापरायचे, चुंबक कुठून काढायचे, वेढे किती, शिकवलं कुणी? मोबाइलमध्ये पिकअपचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तासाभराचं काम आहे. आम्ही लोक ऑफिसमध्ये कोडला डॉक्युमेंटेशन नाही म्हणून दिवसभर बोंबलत असतो. इथे तर कोड लिहिणारा माणूस अजून समोर बसलाय.